ताई ‘पण’ म्हणाल्या आणि चहा आला

माझ्या नणंदेला उंदरांचं फार कळतं. कोणत्या उंदरानं काल किती खाल्लं, कोणाचं वजन किती उतरलं, कोण पिंजऱ्यातली वाट विसरला आणि कोणाला ती पुन्हा सापडली, हे सगळं त्यांच्याकडे टिपलेलं असतं. त्या पुण्याकडे एका मोठ्या प्रयोगशाळेत आहेत. वर्षातून एकदा, सोयाबीन निघाल्यावर, गावी येतात. आल्या की चप्पल काढायच्या आधी आईजवळ बसतात आणि विचारतात, “माय, वळखलं का मला?”

सासूबाई त्यांच्याकडे नीट बघतात. “वळखलं की. कापूस बघायला आलीस. यंदा भाव न्हाई बाई, द्यायचा न्हाई आमाला.”

मग ताई मोबाइल काढून काही तरी टिपून घेतात.

मी त्यांना ताई म्हणते, पण त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या शाळेत जात होत्या. तांब्यात निखारे घालून मी त्यांच्या निळ्या स्कर्टवरून फिरवायची, तीच इस्त्री. माझ्या माहेरी शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला ताडकळसला जावं लागायचं आणि पोरीला एकटी कोण धाडणार? म्हणून मी चौथीवर थांबले आणि ताई पुढं चालत राहिल्या. याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की चौथी शिकलेल्या माणसानं घरात सांगितलेलं आणि न सांगितलेलं सारखंच असतं.

घरात आम्ही चौघं. सासूबाई, मी, माझे मालक आणि थोरले दीर. दीर शाळेचे मुख्याध्यापक होते, आता पेन्शनवर आहेत. जाऊबाई वारल्यापासून आमच्यातच जेवतात. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. मी काहीच म्हणत नाही, कारण मी त्यांच्याशी बोलत नाही. पदर पुढं ओढून ताट ठेवते आणि मागं सरते. बावीस वर्षांत दुसऱ्याच्या तोंडून आमचं जेवढं बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावेल.

सासूबाईंचं विसरणं पिठाच्या डब्यापासून सुरू झालं. त्यांनी त्यात चप्पल ठेवली. पुढं चहात मीठ आलं, मग दारातून बाहेर गेल्या की घर कुठलं ते कळेना. एक दिवस मला म्हणाल्या, “तू लय कामाची हायेस गं. कोणाची सून?” मी म्हणाले, “तुमचीच, आत्याबाई.” तर म्हणाल्या, “नशीब माझं,” आणि खूश झाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं कौतुक झालं, ते मी कोण हे विसरल्यावर.

ताईंनी या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. मग मराठीत सांगितलं, की मेंदूच्या पेशी झिजायल्यात. मी विचारलं, दवा काय? तर म्हणाल्या, “दवा न्हाई वैनी अजून. तीच शोधायलोत आमी.”

“किती दिस झाले शोधायला?”

“मला बारा वर्षं झाली.”

बारा वर्षांत आमच्या गावचा रस्ता तीनदा डांबरी झाला आणि तीनदा वाहून गेला, तेव्हा बोलणार कोणत्या तोंडानं?

यंदा ताईंना कुठलंसं बक्षीस मिळालं होतं. गुरुजींनी बुद्धविहारात सत्कार ठरवला. आदल्या दिवशी सकाळी ताई चुलीपाशी येऊन बसल्या. गॅस आहे घरात, पण भाकरी मी चुलीवरच करते. ताईंना चुलीची भाकर आवडते, आणि भाकर खाताना त्या माझ्याशीही बोलतात.

“ताई, तुमी त्या उंदराचं करता तरी काय?”

“उपाशी ठेवतो.”

“कामून? त्यायनं काय केलं?”

त्या हसल्या. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. एक पेशी म्हणजे एक घर समजा. घरात मोडकं-तोडकं साचतं. पेशी ते गोळा करते, एका पिशवीत घालते, बारीक करते आणि त्याच्यातूनच नवं सामान बनवते. पेशी उपाशी असली की हे काम जोरात चालतं.

“म्हंजे बोहारीण,” मी म्हणाले. “जुनी लुगडी न्यायची आन पातेलं द्यायचं.”

ताईंच्या हातातला घास हातातच राहिला. “वैनी, काय बोललात! बोहारीणच. आन मायच्या मेंदूत ती बोहारीण यायची बंद झाली. चिंध्या साचून साचून दार उघडंना.”

“आन चरबीचं काय ते म्हणता तुमी?”

“चरबीची पेशी म्हंजे कणगी. जवारी भरून ठेवावी तसं तेल भरून ठेवती. पण नुसती कणगी न्हाई ती. पोटातून मेंदूला निरोप धाडती. ते निरोप मी बघते. म्हातारपणी कणगी रिकामी झाली की निरोपबी बिघडतेत.”

मी परातीत पीठ घेतलं. “उंदराला पाणी तरी देता का?”

“देतो की.”

“आन मंग?”

“मंग आत बघतो, किती साफ झालं ते.”

“आत म्हंजे?”

ताईंनी भाकरीचा पापुद्रा काढला आणि म्हणाल्या, भाकर लय छान झाली वैनी.

सत्काराच्या दिवशी विहाराच्या दारात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्यानं ताईंना गोरं केलं होतं आणि गळ्यात छाती तपासायची नळी घातली होती, कारण डॉक्टर म्हटल्यावर नळी पाहिजे. खाली लिहिलं होतं, ‘मेंदू व चरबी तज्ज्ञ’. सरपंच म्हणाले, “आपल्या गावची लेक, उंदरांची डॉक्टर, हिनं गावाचं नाव सातासमुद्रापार नेलं.” ताईंच्या कार्डावर पुण्याचा पत्ता होता, पण शाल घालताना समुद्र मोजत बसत नाहीत.

आम्ही बाया विहाराच्या मागच्या अंगाला चहा करत होतो. लाऊडस्पीकरचा एक कर्णा पुढच्या लिंबावर होता आणि एक आमच्या डोक्यावर. त्यामुळे पुढं बसलेल्या मानकऱ्यांपेक्षा मागच्या बायांना भाषण चांगलं ऐकू आलं. ताई बोलल्या छान. बोहारणीचं सांगितलं तेव्हा गावानं टाळ्या वाजवल्या. मी आलं ठेचत होते. कोणाची बोहारीण ते ताई बोलल्या नाहीत, गर्दीत राहून गेलं असेल.

मग त्या म्हणाल्या, उपाशीपणी पेशी आपला कचरा आपणच साफ करते, आणि उपाशी ठेवल्यावर आमच्या उंदरांचा मेंदू जास्त साफ निघाला. सगळे माना डोलवायला लागले. त्यानंतर ताई म्हणाल्या, “पण.”

तेवढ्यात गुरुजींनी खिडकीतून हात केला, चहा धाडा. बाया ट्रे घेऊन पुढं गेल्या. मी चारचौघांत जात नाही, म्हणून किटलीपाशी राहिले. पुढं कप वाजायला लागले, कोणी साखर कमी मागितली, कोणी फुंकर मारून पिऊ लागलं. आणि माझ्या डोक्यावरचा कर्णा सगळं सांगत होता. पण हे उंदरातलं हाय. माणसात अजून पक्कं न्हाई. म्हातारं, वाळलेलं माणूस असंल तर त्याला चुकूनबी उपाशी ठेवू नका. कचरा संपला की पेशी घरच खायला लागती. अंगावरचं मांस जातं, चरबी जाती, आन मेंदूचा आधारबी जातो.

हे ऐकणारी मी एकटी. आणि लिंबावरचे कावळे.

चहा संपल्यावर लोकांनी प्रश्न विचारले. गुडघ्याला काही दवा आहे का, टकलावर केस येतील का. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “बाई, सुई टोचता येती का?” ताई म्हणाल्या, “येती की, पण उंदराला.” सगळे हसले आणि कार्यक्रम संपला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ताई गेल्या. सत्काराची शाल आईच्या अंगावर टाकून गेल्या.

चौथ्या दिवशी गुरुजींनी भिंतीला एक तक्ता लावला.

गुरुजींची ख्याती सांगायला पाहिजे. चाळीस वर्षं त्यांनी उपासतापासाची टिंगल केली. आमच्यात उपास नाहीत, आमच्या माणसांनी ते सोडले. पण गुरुजींना नुसतं सोडून भागत नव्हतं. चतुर्थीच्या दिवशी ते मुद्दाम शाळेच्या व्हरांड्यात बसून डबा खायचे आणि समोरून जाणाऱ्या बायांना म्हणायचे, “पोट मारून कुठं ज्ञान येतंय का?” त्याच गुरुजींनी पेनानं ठळक लिहिलं होतं: ‘शास्त्रीय उपास. सकाळी कोमट पाणी. अकराला एक भाकर. चारला एक केळ. नंतर काही नाही.’ वर सासूबाईंचं नाव होतं. स्वतःचं नाव दुसऱ्या ओळीत होतं, पण त्यांचा उपास चहाला आणि खारीला लागू नव्हता. चहा म्हणजे खाणं नाही आणि खारी चहात बुडवली की चहाच होते.

शेजारच्या मावशी, शेतकरी घरातल्या, सत्तरीच्या, आयुष्यभर एकादशी धरणाऱ्या, तक्ता बघायला आल्या. “काय गुरुजी, शेवटी आमच्याच वाटंला आलात म्हणा की.”

“मावशी, तुमचा उपास देवाचा. हा शास्त्राचा हाय.”

“असू द्या. देवाच्या उपासाला साबुदाणा तरी मिळतो. तुमच्या शास्त्राला काय चालतंय?”

“काही चालत न्हाई.”

“मंग देव बरा,” असं म्हणून मावशी गेल्या.

मी मालकांना म्हणाले, “आत्याबाईच्या अंगावर काय हाय का उपाशी ठेवायला? ताई पुढं काय बोलल्या ते मी ऐकलंय.”

मालक चांगले आहेत. बैलाला लागलं तर त्यांच्या डोळ्यात पाणी येतं. ते म्हणाले, “दादा शिकलेला हाय, ताई शिकलेली हाय. दोघांच्या मधी तू कामून येतीस?”

पहिल्या दिवशी दिवे लागायच्या वेळी सासूबाई नेहमीसारख्या चुलीपाशी येऊन बसल्या आणि ताट मांडायची वाट बघू लागल्या. मी गुरुजींकडे बघितलं. ते पेपरातून मान वर न काढता मालकांना म्हणाले, माझ्याशी थेट बोलायचा शिरस्ता नव्हता, “तिला कुठं आठवतंय? जेवलीस म्हणून सांगा.”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी सांगितलं.

“जेवलात की, आत्याबाई.”

सासूबाईंनी उजवा हात नाकाजवळ नेला आणि बोटांचा वास घेतला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. बोटांना भाकरीचा वास नव्हता, कालवणाचा नव्हता. त्यांनी बोटांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. लाजल्यासारखं हसून म्हणाल्या, “व्हय का? मंग न्हाई मागत. मला बाई ध्यानच राहत न्हाई.” आणि उठून भिंत धरत गेल्या.

असं मी नऊ दिवस केलं. कोणी माझा हात धरला नव्हता. मी भाकरी थापत होते, मालकांच्या ताटात दोन वाढत होते आणि एका उपाशी बाईला तू जेवलीस म्हणत होते. गुरुजींना हसायच्या आधी हे लिहून ठेवलं पाहिजे.

नवव्या दिवसानंतरच्या सकाळी मी त्यांना न्हाऊ घालत होते. थंडी पडली होती आणि त्या पाणी अंगावर घेण्याआधीच कापत होत्या. पूर्वी माघातही गार पाण्यानं हातपाय धुणारी बाई. त्यांच्या दंडात चांदीचं कडं होतं. लग्नात घातलेलं. मग अंग भरलं आणि ते दंडात असं रुतलं की बाळंतपणात दवाखान्यातल्या नर्सनं साबण लावून ओढलं तरी निघालं नाही. सासरे वारले तेव्हा बायकांनी काढायला बघितलं, तेव्हाही निघालं नाही. विसरायला लागल्यापासून जरा सैल झालं होतं, पण कोपरावर अडायचं. मी पाठीवर तांब्या ओतला, त्यांनी हात खाली केला, आणि कडं कोपरावरून घसरून मनगटावरून निसटून दगडावर वाजलं.

त्यांनीच ते उचललं. “कोणाचं गं हे? सांडलं बग कोणाचं तरी.”

“तुमचंच हाय.”

“माझं न्हाई. माझं दंडात हाय,” असं म्हणून त्यांनी दंड चाचपला. चाचपतच राहिल्या.

मी कडं माझ्या पदराला बांधलं. ताईंनी सांगितलेली कणगी मला आठवली. रिकाम्या कणगीला झाडून काय निघणार? तळाचं शेण निघतं, मग विणलेल्या काड्यांचा कूड निघतो.

त्याच दिवशी संध्याकाळी, गुरुजी पारावर जगाचं बघायला गेल्यावर, मी सासूबाईंना हात धरून मागच्या गोठ्यात नेलं. “चला, शेळीला चारा टाकू.” शेळीजवळ पोत्यावर बसवलं आणि दुधात कुस्करलेली भाकर दिली, वर शेंगदाण्याचं कूट. त्या खात होत्या आणि शेळी त्यांच्या वाटीत तोंड घालत होती. “हाड,” त्या म्हणाल्या, “तुझं खाऊन झालंय. तुला आठवत न्हाई.”

रोज असं चाललं. मला वाटलं, कोणाला कळणार नाही. जिला खाऊ घालते तिलाच आठवत नाही, याच्यासारखी सोपी चोरी नाही. पण अंगात चार घास गेल्यावर सासूबाई जरा ताज्या दिसू लागल्या, बोलू लागल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी अंगणात बसून गुरुजींना म्हणाल्या, “शेळीपाशी बसून दूध-भाकर खाल्ली रे. लय ग्वाड लागली.”

माझ्या हातातला खराटा थांबला.

गुरुजी खुर्चीतून उठले. “ऐकलं का?” ते मालकांना ओरडून म्हणाले. “लहानपणी शेळ्या राखायची माय! सत्तर वर्षांमागची आठवण वर आली! साफसफाई सुरू झाली आत!”

त्यांनी लगेच फोनवर गावच्या ग्रुपात टाकलं. लोक म्हातारीला बघायला येऊ लागले. सासूबाई कधी दूध-भाकरीचं सांगायच्या, कधी शेळी आगाऊ आहे म्हणायच्या, आणि प्रत्येक वेळी गुरुजी बोट वर करायचे. मी आतून बघत होते. मी चोरून भाकर घालत होते आणि त्याचं पुण्य उपासाला लागत होतं. मला हसूही येत होतं. तेव्हा मला वाटलं होतं, चालू द्या, आपली म्हातारी जेवते आहे ना.

मग समोरच्या आळीतली एक सून ताक मागायला आली. तांब्या हातात धरून उभी राहिली, जाईना. म्हणाली, “आक्का, आमच्या मामंजीचाबी संध्याकाळचा घास बंद केलाय. तुमच्या आत्याबाईला गुण आला म्हणून. ते काय विसरत न्हाईत वो. जेवले म्हणून सांगितलं तर ऐकत न्हाईत. ताटली वाजवायलेत अन् रडायलेत.”

तिच्याकडे गोठा नव्हता, शेळी नव्हती आणि नवरा घरातून हलत नव्हता. मी तांब्या भरून ताक दिलं आणि म्हणाले, ताकात भाकर कुस्करून दे, दवा म्हणून सांग. पण मला कळलं होतं की मी गप्प बसले म्हणून एक म्हातारी जेवते आहे आणि मी गप्प बसले म्हणूनच एक म्हातारा रडतो आहे.

रविवारी सकाळी गुरुजींनी ताईंना व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंना उन्हात बसवलं, सत्काराची शाल नीट पांघरली, केस विंचरायला लावले. मी दाराआड होते.

“बग,” गुरुजी म्हणाले, “कशी टवटवीत दिसायली. जुन्या आठवणी वर यायल्यात. तुझ्याच शास्त्राचा गुण.”

“माझ्या शास्त्राचा? दादा, काय केलंत तुमी?”

गुरुजींनी तक्ता वाचून दाखवला. मग ताई म्हणाल्या, “मायचं संध्याकाळचं बंद केलं? आवो, ती म्हातारी हाय...”

“तूच स्टेजवरून सांगितलं, सगळ्या गावानं ऐकलं. आन समोर दिसायलंय ना तुला? इचार तिलाच.”

सासूबाई म्हणाल्या, “शेळीपाशी दूध-भाकर खाल्ली.”

आणि मग जे झालं ते मला अजून खुपतं. ताईंचा आवाज बदलला. “कधीपासून आठवायलंय हे?” त्यांनी विचारलं. “रोज सांगती का? दादा, एका भाकरीपासून दुसरीपर्यंत किती तास जायलेत? थांबा, मी लिहून घेते.”

त्यांना कागद शोधताना मी ऐकलं. बारा वर्षं उंदरांत जे शोधलं ते घरच्या अंगणात बसलेलं दिसल्यावर कोणाचंही भान सुटेल. पण त्यांना ‘पण’ म्हणायचं होतं आणि त्यांनी पेन घेतलं.

मी अंगणात कधी आले ते मला कळलं नाही. पदर पुढं ओढलेला होता, त्यामुळे मला फक्त फोन आणि सासूबाईंचे पाय दिसत होते.

“ताई,” मी म्हणाले. आवाज आमच्या शेळीसारखा निघाला.

मी शाल बाजूला केली. पदराची गाठ सोडून कडं काढलं, सासूबाईंच्या हातात घातलं, दंडापर्यंत चढवलं आणि सोडून दिलं. ते कोपरावर आलं, मनगटावर आलं आणि त्यांच्या मांडीत पडलं.

“हे तुमच्या कणगीचं,” मी म्हणाले. “आन ती दूध-भाकर सत्तर वर्षांमागची न्हाई. कालची हाय. मी घालते रोज, गोठ्यात.”

गुरुजींचा फोन धरलेला हात खाली आला, त्यामुळे ताईंना बहुतेक अंगणातली माती दिसत असेल.

“चोरून?” गुरुजी म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा थेट मला.

“व्हय, दादा.”

“मंग गुण कशाचा आला?”

“भाकरीचा.”

मालक दावं वळत बसले होते. त्यांनी मान खाली घातली, पण मला वाटतं ते हसत होते.

फोन मातीकडे बघत बोलला, “वैनी, मला सांगितलं कामून न्हाई? फोन करायचा.”

“तुमचा नंबर दादांच्या फोनात असतो, ताई. तुमी फोन केला तरी दादाला द्या म्हणता.” एकदा तोंड उघडलं होतं, ते मिटेना. “त्या दिवशी तुमी ‘पण’ म्हणलात आन चहा आला. पुढचं कोणी ऐकलं न्हाई. मी मागं होते, मी ऐकलं.”

“मंग लोकायला तेव्हाच सांगायचं ना!”

“चौथीवालीचं कोण ऐकतंय? तुमी तर इतक्या शिकलेल्या, तुमचंबी अर्धंच ऐकलं.”

सासूबाईंनी कडं उचललं, उन्हात धरून बघितलं आणि माझ्याकडे दिलं. “भांडू नका रे,” त्या म्हणाल्या. “जेवले का मी?”

सकाळचे नऊ वाजले होते. तक्त्यात तेव्हा कोमट पाणी होतं. मी आत गेले आणि भाकर आणली.

ताई पाचव्या दिवशी रजा काढून आल्या. पहिल्यांदाच त्यांनी आईला ‘वळखलं का’ असं विचारलं नाही, तिचा दंड हातात घेतला आणि धरून बसल्या. मग समोरच्या आळीत जाऊन म्हाताऱ्याच्या मुलाला अशा शब्दांत समजावलं की ते शब्द कुठल्या प्रयोगशाळेत शिकवत नसावेत. विहारात दुसरी सभा घेतली. या वेळी चहा माझ्याकडे होता, आणि ताईंचं बोलणं संपेपर्यंत मी चूल पेटवली नाही. पहिल्या सभेला विहार भरला होता, या सभेला विसेक माणसं आली. उपासानं मेंदू साफ होतो ऐकायला गाव येतं, म्हाताऱ्यांना वेळेवर जेवायला द्या हे ऐकायला कोण येणार? ताईंनी सांगितलं की बोहारणीचं आमच्या वैनीनं सुचवलं होतं. लोक हसले. त्यांना वाटलं, ताई गंमत करतात.

गुरुजींनी तक्ता काढला. गावात ते सांगतात की प्रयोगात असं होतं, शास्त्र एक एक पाऊल पुढं जातं. यात पोट कोणाचं पुढं गेलं ते मी बघते, कारण ताट मीच वाढते. माझ्याशी आता ते थेट बोलतात. “मीठ कमी हाय,” म्हणतात.

ताई जाताना शिंप्याची टेप देऊन गेल्या. दर रविवारी सकाळी माझ्या मालकांच्या फोनवर त्यांचा फोन येतो आणि त्या म्हणतात, वैनीला द्या. मी सासूबाईंचा दंड मोजून सांगते. त्या लिहून घेतात. त्यांच्या उंदरांत आणखी एक धरला गेला आहे, पण याला जेवायला घालतात, एवढा फरक आहे. दंड अजून भरलेला नाही. आजार आहे तिथंच आहे, मला सासूबाई कोणाची सून म्हणून विचारतात ते चालूच आहे. कड्याला मी आतून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आहे, म्हणजे ते दंडात राहतं.

काल संध्याकाळी त्या अर्धी भाकर दुधात खाऊन उठल्या, अंगणात एक फेरी मारून परत चुलीपाशी आल्या. “जेवले का मी?”

“न्हाई, आत्याबाई. बसा.”

त्यांनी बोटं नाकाजवळ नेली. वास घेतला. माझ्याकडे बघितलं. “दुधाचा वास यायलाय गं.”

“सकाळचा असंल,” मी म्हणाले, आणि उरलेली अर्धी भाकर कुस्करली.